चार वह्या, एक जुना मोबाइल आणि पासष्ट हजारांचं पुस्तक

प्रश्न एका प्राथमिक शिक्षकांचा आहे. मूळचे निफाडकडचे, गेली अकरा वर्षं सुरगाणा तालुक्यात नोकरीला. या काळात त्यांनी कोकणा या आदिवासी जमातीच्या वस्त्यांवरून लग्नातली गाणी, वाघबारशीची गाणी, थाळीवरच्या कथा असं बरंच गोळा केलंय. चार जाड वह्या भरल्यात, शिवाय मोबाइलमधली रेकॉर्डिंगं आहेत. एका प्रकाशकानं पाचशे प्रतींचे पासष्ट हजार सांगितलेत, 'आयएसबीएनसकट', म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकासह. दुसरीकडे व्हॉट्सॲपवर एका नियतकालिकाचा मेसेज आलाय: पंधराशे भरा, आठ दिवसांत शोधनिबंध छापून प्रमाणपत्र हातात. पुढेमागे पीएच.डी. करायचीही इच्छा आहे. ते विचारतात, पुस्तक करू की निबंध, आणि यातल्या कशाला 'संशोधन' म्हणून मान मिळेल?

गुरुजी, एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल: पैसे आत्ता कुणालाच देऊ नका.

मी नाशकात सत्तावीस वर्षं पुस्तकांच्या संपादनाचं काम करते. त्यातली बरीच हस्तलिखितं तुमच्यासारख्यांची असतात. शिक्षक, ग्रामसेवक, नर्सबाई, एकदा तर एसटीचे कंडक्टर. पेठ, कळवण, बागलाण, इगतपुरीकडून येतात, पिशवीतून वह्या काढतात आणि पहिला प्रश्न तुमचाच विचारतात. मी उलट विचारते, "यातलं तिसऱ्या पानावरचं गाणं कुणी म्हटलं?" बहुतेकांना चेहरा आठवतो, नाव आठवत नाही. गाव दोनातलं एक असतं. सालाचा पत्ता नसतो. खरी अडचण इथे आहे, प्रकाशक फार पुढची गोष्ट.

मान कशाला मिळेल, याची माझी कसोटी साधी आहे. उद्या तुमच्याशी वाद घालायला बसलेल्या माणसाला तुमची नोंद तपासता आली पाहिजे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या नोंदी जपणाऱ्या संकेतस्थळावर वाचता येतात, कित्येक ऐकताही येतात. त्यांचं मोल आकड्यात नाही. ओवीसोबत बाईचं नाव आहे, गाव आहे, म्हणून चाळीस वर्षांनी त्या गावात परत जाऊन विचारता येतं. याउलट 'एका वृद्धेकडून मिळाली' एवढ्यावर भागवलेले जुने संग्रह आमच्या कपाटात रगड आहेत. वाचायला गोड, पण पुढच्या अभ्यासकाला त्यांच्यावर पाय ठेवून उभं राहता येत नाही.

माझ्या टेबलावर एक नमुन्याचं कार्ड असतं, तेच इथे उतरवते. गाण्याचा क्रमांक. म्हणणाऱ्याचं नाव, अंदाजे वय, गाव, पाडा. बाई असेल तर माहेरचं गाव वेगळं, कारण पुष्कळ गाणी माहेराहून येतात आणि सासरचं नाव लिहून आपण भलत्याच डोंगरावर शोधत बसतो. तारीख आणि प्रसंग: खरोखरचं लग्न होतं, की तुमच्या सांगण्यावरून ओट्यावर बसून म्हटलं? सोबत कोण होतं, मध्येच कुणी 'असं नाही, तसं' म्हणून टोकलं का? रेकॉर्डिंगचा क्रमांक. आणि शेवटी 'हे तुम्ही कुणाकडून शिकलात?' याचं उत्तर, त्यांच्याच शब्दांत.

तुमच्या वह्यांमध्ये यातलं निम्मं नसणार, मला अंदाज आहे. पण तुम्ही अजून तिथेच आहात, ही फार मोठी सोय आहे. रेकॉर्डिंग घेऊन पाड्यावर जा आणि ऐकवा. लोक आवाजावरून माणूस ओळखतात. 'ही तर अमक्याची आत्या, त्या साली वारली' असं कुणीतरी म्हणतंच, आणि नाव, साल, नातं एका वाक्यात मिळून जातं. जे तरीही सापडणार नाही ते 'म्हणणारी अज्ञात' असंच राहू द्या. अंदाजानं नाव घालू नका.

आता माझी एक चूक सांगते. कामाला लागून दोनेक वर्षं झाली होती. असाच एक संग्रह हातात होता आणि त्यात कणसरीची कथा होती. तुम्हाला सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी: कणसरी म्हणजे धान्याची देवी, कणसाची माय. आमच्या मुद्रितशोधकांना हा शब्द माहीत नव्हता. त्यांनी तो इमानेइतबारे सुधारला. 'केसरी' केला, एकदा नाही, चौदा ठिकाणी. मी शेवटची प्रुफं वरवर चाळली आणि फोनवरच छपाईला होकार दिला. पाचशे प्रती बांधून आल्या तेव्हा टिळकांचं वर्तमानपत्र शेतात उतरून दाणे वाटत होतं. आम्ही शुद्धिपत्र छापून प्रत्येक प्रतीत चिकटवलं. संकलक वयस्क होते, एका शब्दानं बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून बोलीतलं हस्तलिखित छपाईला देताना मी पहिल्या पानावर एक यादी लावते: 'खालील शब्द असेच आहेत, दुरुस्त करू नयेत.' तुम्हीही लावा. आणि त्याआधी एक अवघड प्रश्न स्वतःला विचारा. तुम्ही निफाडचे, कोकणा ही तुमच्या घरची बोली नाही. वहीत उतरवताना तुमच्या हातून किती ठिकाणी 'केसरी' झालं असेल? आपण मास्तर माणसं, शुद्धलेखन हाडात मुरलेलं असतं. कान एक ऐकतो, हात दुसरं लिहितो.

त्यावर मला ठाऊक असलेला इलाज एकच. त्या समाजातला, ती बोली घरात बोलणारा, लिहितावाचता जोडीदार घ्या. तुमच्या शाळेतून शिकून गेलेलं कुणीतरी आता कॉलेजात असेलच. दोघांनी मिळून रेकॉर्डिंग ऐकायचं, त्यानं लिहायचं, तुम्ही ताडून पाहायचं. वहीवरून टाइप करत बसू नका, पुन्हा आवाजाकडे जा. आणि त्याचं नाव मुखपृष्ठावर तुमच्या नावाशेजारी हवं. प्रस्तावनेच्या शेवटी 'बहुमोल सहकार्याबद्दल आभार' एवढ्यावर बोळवण नको. या एका मुद्द्यावर मी लेखकांशी भांडलेली आहे, पुढेही भांडेन.

लिपी देवनागरीच ठेवा, पण लेखनाचे चार नियम आधी ठरवून प्रस्तावनेत सांगा. एका अहिराणी संग्रहात आमच्याकडे 'मना' आणि 'मन्हा' दोन्ही रूपं आली होती. कुठे बाईचा उच्चारच वेगळा होता आणि कुठे नुसता लिहिणाऱ्याचा आळस, हे छापल्यावर कुणालाच सांगता येईना. उच्चार खरोखर वेगळा असेल तर तसाच ठेवा आणि टीप द्या. नसेल तर एक रूप धरा. मांडणी म्हणाल तर डाव्या पानावर मूळ बोली, उजव्या पानावर साधा मराठी अर्थ. कविता करायला जाऊ नका. अनुवादात यमक जुळवलं की निम्मा अर्थ सांडतो.

नावाचीही एक गंमत आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत कोकणा, कोकणी, कुकणा अशी तिन्ही रूपं आहेत. तुम्ही शीर्षकात नुसतं 'कोकणी लोकगीते' लिहिलंत, तर ग्रंथालयात ते पुस्तक गोव्याच्या कोकणीशेजारी जाऊन बसेल. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. 'सुरगाणा परिसरातील कोकणा…' असं लिहा. लांबलं तरी चालेल.

आता थाळीवरच्या कथांकडे येते, कारण तुमच्या प्रश्नात तुम्ही त्यांना एका ओळीत उरकलंय आणि माझ्या मते तुमचा खरा ठेवा तोच आहे. काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणानं काडी उभी चिकटवायची आणि बोटांनी ती वरून खाली ओढत राहायची. त्यातून जो घुमणारा सूर निघतो, त्यावर कथा रात्रभर चालते. सांगणारा एक, मागे ओळ ओढणारा दुसरा. लग्नाची गाणी पुष्कळांनी छापली आहेत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतरवलेली एक अख्खी रात्र मात्र क्वचित हाती लागते.

ती छापायची कशी, हा मोठा नाजूक मामला आहे. मागच्यानं ओढलेली प्रत्येक ओळ छापली तर पानं दुप्पट होतात आणि वाचक कंटाळतो. गाळली तर तुमच्या हातात नुसतं गोष्टीचं हाडूक उरतं. मी असं करते: पहिलं पान जसंच्या तसं छापायचं, पुनरावृत्ती, हुंकार, मध्येच मागितलेलं पाणी, सगळं. पुढे पुनरावृत्तीच्या जागी एक खूण. पण जिथे मागचा माणूस ओळ बदलून म्हणतो, किंवा पुढच्याला विसरलेलं आठवून देतो, तिथे पुन्हा सगळं उतरवायचं. कथा दोघांच्या डोक्यात मिळून असते, ती तशा जागी दिसते. आणि हीच कथा दुसऱ्या पाड्यावर दुसऱ्या भगताकडून, म्हणजे देवाधर्माचं पाहणाऱ्या जाणत्याकडून, मिळाली असेल, तर दोन्हींची मिसळ करून 'उत्तम पाठ' तयार करायचा मोह टाळा. दोन पाठ म्हणजे दोन पाठ, शेजारी शेजारी ठेवा. जुन्या पोथ्यांच्या संपादनात एका मूळ प्रतीचा शोध असतो. इथे तशी मूळ प्रत कधी नव्हतीच.

काय छापायचं नाही, हेही ठरवावं लागेल. काही गोष्टी ठराविक महिन्यातच सांगायच्या असतात, काही मंत्र भगतानं तुम्हाला विश्वासानं ऐकवलेले असतात. डोंगरदेवाच्या व्रतातलं सगळं बाहेर जावं असं त्यांना वाटतंच असं नाही. इथे माझं मत पुस्तकी आहे असं समजू नका. एका कामात आम्ही तयार झालेली अकरा पानं शेवटच्या क्षणी काढली आणि पुस्तक काही बिघडलं नाही. विचारायचं कसं? संमतीचा छापील फॉर्म पुढे केला की माणूस बिचकतो, सरकारी कागद वाटतो. रेकॉर्डिंग चालू करून त्यांच्या बोलीत विचारा: हे छापू का, नाव घालू का, इंटरनेटवर ऐकायला ठेवू का? तीन प्रश्न वेगवेगळे विचारा, कारण तिन्हींची उत्तरं सारखी येत नाहीत. जुन्या रेकॉर्डिंगसाठी आता जाऊन विचारलंत तरी चालेल. माणूस हयात नसेल तर घरच्यांना विचारा.

कायद्याचं दोन वाक्यांत. परंपरेनं आलेल्या गाण्यावर कुणा एकाचा स्वामित्वहक्क नसतो, पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीपासून गाणाऱ्याचा, सादर करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीनं आपलं सादरीकरण आपल्या नावानं ओळखलं जाण्याचा हक्कही त्यात आला. म्हणजे नाव घालणं हा निव्वळ सभ्यतेचा प्रश्न राहिलेला नाही.

एवढं झाल्यावर तुमच्या मूळ प्रश्नाकडे. माझा सल्ला: पुस्तक आत्ता नको. आधी एक कथा घ्या, एकच. ती पूर्ण उतरवा, अर्थ लावा, सांगणाऱ्याबद्दल चार पानं लिहा आणि वीस-पंचवीस पानांचा लेख करा. पुण्याच्या मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन' आहे, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचं 'संशोधक' आहे, वाईचं 'नवभारत' आहे. प्रत्येकाचा कल वेगळा. बोलीच्या अंगानं लिहिलंत तर पहिलं, प्रदेशाच्या इतिहासाच्या अंगानं तर दुसरं. पाठवण्याआधी त्यांचे दोन-तीन अंक वाचा. नाशिकला आलात तर सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. १८४० ची संस्था आहे, जुन्या अंकांसाठी आधी तिथेच विचारावं. लेख परत आला, सोबत लाल शेरे आले, तर ते शेरे जपून ठेवा. पासष्ट हजार देऊनही तसं वाचन विकत मिळत नाही.

आठ दिवसांत छापणाऱ्या नियतकालिकाचं उत्तर यातच आलं. आठ दिवसांत कुणी वाचत नाही, फक्त पानं लावतात. त्यांच्या मेसेजमध्ये 'यूजीसी केअर', म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी, असं लिहिलेलं असेल, तर ती यादी आयोगानं फेब्रुवारी २०२५ च्या सूचनेनं बंद केली आहे. आता नियतकालिकाची पारख संस्थांनी आणि अभ्यासकांनी स्वतः करायची आहे. २०२२ च्या नियमांपासून पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापलेलाच हवा, अशी आयोगाची सक्तीही उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे, तो मार्गदर्शकांना विचारा, तो वेगळा असू शकतो. आणि नुसता आयएसएसएन असणं म्हणजे दर्जा नव्हे. तो आठ आकडी क्रमांक नियतकालिकाची ओळख पटवतो, गुणपत्रिका देत नाही.

आयएसबीएनचंही तसंच. आपल्याकडे तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही. त्यामुळे 'आयएसबीएनसकट' हे शब्द ऐकून भुलू नका.

पासष्ट हजार जास्त की कमी, हे कागद, पानं, बांधणी पाहिल्याशिवाय सांगणार नाही. पण त्या प्रकाशकाला मी तीन गोष्टी विचारल्या असत्या. संपादन कोण करणार आणि त्याला बोलीतलं काय कळतं? पाचशेपैकी किती प्रती तुम्ही विकणार आणि किती माझ्या घरी येणार? अक्षरजुळणी युनिकोडमध्ये देणार का? तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण अजूनही काही ठिकाणी जुन्या फॉन्टमध्ये जुळणी होते, आणि दहा वर्षांनी ती फाइल उघडली की 'ऱ्य' आणि जोडाक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. मग बोलीचं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून टाइप करा. पाचशे प्रतींचीही गरज नाही. डिजिटल छपाईत शंभर काढता येतात, संपल्या की पुन्हा शंभर. माझ्या ओळखीच्या एका लेखकाच्या पलंगाखाली आजही तीनशे प्रती आहेत. पाहुणे आले की एक देतात, पाहुणे कमी झालेत.

पुस्तक निघेल तेव्हा १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. हे प्रकाशकाचं काम आहे, पण पोचपावती तुम्ही मागा. त्यापलीकडे ज्या पाड्यांवरून गाणी आली तिथे प्रत्येकी एक प्रत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या घरच्या मोबाइलवर त्यांचंच रेकॉर्डिंग. हा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा.

आवाज जपण्याबद्दल थोडं, कारण यात सगळेच चुकतात. यापुढे शक्य असेल तर साध्या रेकॉर्डरवर 'वेव्ह' स्वरूपात, म्हणजे आवाज न दाबता, घ्या. जुनी मोबाइलमधली आहेत तशी ठेवा, 'साफ' करायला जाऊ नका, कोंबडा आरवला तर आरवू द्या. व्हॉट्सॲपवरून इकडून तिकडे पाठवू नका, आवाज दाबला जाऊ शकतो, पेनड्राइव्हनंच द्या. फाइलच्या नावात तारीख, गाव आणि कार्डाचा क्रमांक घाला. तीन प्रती करा: एक तुमच्याकडे, एक जोडीदाराकडे, एक सुरगाण्याबाहेर कुठेतरी. ज्यांनी परवानगी दिली असेल त्यांचं 'झेनोडो'सारख्या मोफत भांडारात ठेवता येतं. तिथे कायमचा क्रमांक मिळतो आणि लेखात तो देता येतो, म्हणजे वाचणारा ऐकूही शकतो. लोकसंगीताच्या मोठ्या संग्रहासाठी गुरुग्रामला 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज'चं ध्वनिसंग्रहालय आहे, १९८२ पासूनचं. पण ते तुमचं कार्डाचं काम झाल्यावर.

तुम्ही लिहिलंय की सुरुवातीच्या वर्षांची रेकॉर्डिंगं एका जुन्या मोबाइलमध्ये आहेत, तो आता चार्ज झाला तर होतो, आणि मेमरी कार्ड त्यातच आहे. बाकीचं सगळं पुढच्या मार्गशीर्षापर्यंत थांबलं तरी चालेल. ते कार्ड मात्र याच रविवारी काढा, नाशिकला किंवा वणीला कुणा जाणत्या दुकानदाराकडे समोर बसून कॉपी करून घ्या, आणि तो 'फॉरमॅट करून देऊ का' म्हणाला तर आधी कार्ड त्याच्या हातातून परत घ्या.